कचरा डेपोच्या शेजारची विहीर: पाणी आणि माती कशी तपासायची

पुण्याजवळच्या फुरसुंगी, मोशी किंवा आसपासच्या एखाद्या नगरपरिषदेच्या हद्दीला लागून तुम्ही नुकतंच घर बांधलं असेल, थोडी जमीन खंडाने घेतली असेल, आणि जवळपास कुठेतरी वर्षानुवर्षं कचरा पडत असेल, तर हे तुमच्यासाठी लिहितो आहे. "आमच्या बोअरचं पाणी चालेल का?" हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. विचारणारा बहुतेक वेळा एक बाटली भरून आणतो आणि समोर ठेवतो. एका बाटलीवरून उत्तर देता येत नाही. डेपोच्या वरच्या अंगाची एक विहीर आणि खालच्या अंगाची एक विहीर, दोन्हींचं पाणी उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा तपासून आकडे शेजारी शेजारी मांडले, तर मात्र उत्तर सापडतं. पुढे जे सांगितलं आहे ते सगळं या तुलनेसाठीच.

आधी पावसाचा हिशेब

पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो असं धरू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर, म्हणजे एकरी २८ लाख लिटर. नगरपरिषदेचा पाच एकरांचा छोटा डेपो धरला तरी त्यावर वर्षाला १ कोटी ४० लाख लिटर पाणी पडतं. त्यातलं चौथा हिस्सा जरी कचऱ्यातून खाली उतरलं, तरी ३५ लाख लिटर होतं. दहा हजार लिटरचे साडेतीनशे टँकर.

हे पाणी खाली उतरताना चहा गाळल्यासारखं कचऱ्यातलं जे विरघळेल ते घेऊन जातं. भाजीपाल्याचा कुजका अंश, मीठ, अमोनिया, बॅटऱ्या आणि रंगाच्या डब्यांतले धातू. या काळपट, उग्र वासाच्या पाण्याला लीचेट म्हणतात. ताज्या कचऱ्याचं लीचेट आंबट असतं, त्यात धातू सहज विरघळतात. काही वर्षांनी आंबटपणा जातो, पण अमोनिया आणि क्लोराइड रेंगाळत राहतात. म्हणून डेपो बंद झाला, वर माती पडली, बाभळी उगवल्या, तरी त्याचं पाणी लगेच सुधारत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी भरावभूमी, म्हणजे कचरा पुरण्याची जागा, बंद केल्यावरही १५ वर्षं देखरेख सांगितली होती ती याचसाठी.

त्याच नियमांत भरावभूमीच्या तळाशी दीड मिलिमीटर जाडीचं प्लास्टिकचं अस्तर आणि त्याखाली ९० सेंटिमीटर चिकणमातीचा दाबलेला थर सांगितला होता. पावसाळ्यात भूजल सर्वांत वर येतं तेव्हाही ते या थराच्या तळापासून किमान दोन मीटर खाली असलं पाहिजे, अशी अट होती. नदीपासून अंतर १०० मीटर, तळं, वस्ती आणि पिण्याच्या विहिरींपासून २०० मीटर. लहान गावांचे जुने डेपो या नियमांच्या कितीतरी आधीचे आहेत. गावाबाहेरची पडीक जागा दिसली, ट्रॉली ओतली, झालं. खाली अस्तर नाही, वर झाकण नाही. डेपो लहान म्हणजे त्रास लहान, असं समजून त्याकडे दुर्लक्ष होतं, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याच डेपोंची वाटते. मोठ्या डेपोवर निदान बातमी होते. उरुळी देवाचीच्या १६३ एकरांच्या डेपोविरुद्ध तिथल्या गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली, कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, तेव्हा सगळ्या पुण्याला विहिरींचं पाणी नासल्याचं कळलं. चार-पाच एकरांच्या डेपोखालच्या तीन विहिरींसाठी कोण गाड्या अडवणार?

पायरी पहिली: जागेचा इतिहास विचारा

पहिला दिवस फक्त विचारण्यात घालवा. पारावर बसणारी वयस्कर माणसं, पिठाची गिरणी चालवणारे, विहिरी खोदणारे यांच्याकडून जे कळतं ते कुठल्याही नकाशावर नसतं. कचरा कधीपासून पडतो? आधी तिथे काय होतं? आज पुण्यात वनाझला मेट्रोचा डेपो दिसतो, तिथे एके काळी कोथरूडचा कचरा डेपो होता हे नव्या पिढीतल्या किती जणांना माहीत आहे? जमीन विसरत नाही, माणसं विसरतात.

एक उत्तर आलं तर कान टवकारा: "तिथं आधी खाण होती." पुण्याभोवती दगडाच्या खाणी पुष्कळ, आणि रिकामी खाण कचऱ्याने भरून काढणं सोयीचं वाटतं. खड्डा बुजतो, घाण नजरेआड होते. पण खाणीच्या तळाला माती नसते, मुरूम नसतो, उघडा कातळ असतो आणि सुरुंगांनी त्याला भेगा पडलेल्या असतात. कधी कधी तळ थेट भूजलाच्या पातळीखालीच असतो. तिथे कचरा पावसाची वाट पाहत नाही, बारा महिने पाण्यातच भिजत असतो.

पायरी दुसरी: पाणी कुणीकडून कुणीकडे जातं

दख्खनचा खडक लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला आहे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग भेगाळलेला खडक, मग घट्ट काळा पाषाण, मध्येच मांजऱ्याचा, म्हणजे बारीक पोकळ्या असलेल्या मऊसर खडकाचा थर. साध्या विहिरीला पाणी मिळतं ते मुख्यतः मुरमातून आणि भेगांतून. बोअर खोल जातं आणि दोन थरांच्या सांध्यातलं पाणीही ओढतं. त्यामुळे शेजारी शेजारी असलेल्या विहिरीचं आणि बोअरचं पाणी वेगळं निघू शकतं. दोन्ही तपासायची ती यासाठी.

काळ्या मातीबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण इथे बरेच जण फसतात. काळी माती चिकण असते, धातू धरून ठेवते, ओली झाली की फुगून बसते, त्यामुळे पाणी झिरपायला वेळ लागतो. हे सगळं खरं. पण मे महिन्यात त्याच रानात जाऊन पाहा. हाताचा पंजा आत जाईल अशा भेगा पडलेल्या असतात. जूनचा पहिला जोराचा पाऊस डेपोवरची चार महिन्यांची घाण धुऊन त्या भेगांतून सरळ मुरमात नेतो. माती फुगून भेगा मिटेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. पहिल्या पावसानंतर आठ-पंधरा दिवसांत विहिरीचं पाणी गढूळ आणि वासाचं झालं, असं लोक सांगतात ते याच वाटेने आलेलं असतं.

आता दिशा शोधायची. जमिनीचा उतार ज्या ओढ्याकडे, साधारण त्याच बाजूला भूजल जातं. पण साधारणवर थांबू नका. डेपोच्या आसपासच्या तीन विहिरी निवडा, एका ओळीत नसलेल्या. दोरीला वजन बांधून प्रत्येकीच्या काठापासून पाणी किती खाली आहे ते मोजा. तिन्ही काठ सारख्या उंचीवर नसतात, म्हणून गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या आणि टप्प्याटप्प्याने एका काठावरून दुसऱ्याची उंची काढा. दोन माणसं आणि एक सकाळ पुरते. मग कागदावर तीन ठिपके काढून प्रत्येकाशेजारी पाण्याची खरी पातळी लिहा. जिथे पातळी उंच तिथून जिथे खोल तिकडे पाणी चाललं आहे. मोजण्याआधी निदान रात्रभर तरी मोटार बंद ठेवायला सांगा, नाहीतर उपसलेली विहीर खोटी पातळी दाखवेल.

डेपोच्या खालच्या बाजूला नसलेली विहीरही सुरक्षित असेलच असं नाही. एखाद्या सोसायटीची दोन-तीन बोअर दिवसरात्र चालत असतील, तर ती पाण्याची दिशा स्वतःकडे वळवून घेतात. नवी इमारत उभी राहिली की हा कागद पुन्हा काढा.

मोजताना एक गोष्ट जिवाची आहे. डेपोजवळच्या विहिरीत उतरू नका. कचरा कुजताना निघणाऱ्या वायूत साधारण निम्मा मिथेन आणि निम्मा कार्बन डायऑक्साइड असतो. तो जमिनीतून सरकत विहिरीत साचतो आणि प्राणवायू हटवतो. वास येईलच असं नाही. बादली पडली तर पडू द्या.

पायरी तिसरी: स्वयंपाकघरातून सुरुवात

प्रयोगशाळेत जाण्याआधी घरातल्या बाईंना विचारा. डाळ शिजायला वेळ लागतो का? साबणाला फेस येतो का? चहाची चव बदलली का? पाणी मचूळ लागायला कधीपासून सुरुवात झाली? डेपोखालच्या एका वस्तीवर एक आजी मला म्हणाल्या होत्या, "पावसाळा संपला की तुरीची डाळ दोन शिट्ट्या जास्त मागते." तेव्हा मी मान डोलावली आणि पुढे गेलो. नंतर त्या विहिरीचे दोन्ही मोसमांचे आकडे हाती आले, तर पावसाळ्यानंतरची कठीणता खरोखर वाढलेली होती. लीचेटमधली आम्लं आणि कार्बन डायऑक्साइड मुरमातला चुना विरघळवतात, पाणी जड होतं. आमच्या मोजमापाआधी ते त्या आजींनी मोजलं होतं. आपल्या पाषाणातलं पाणी मुळातही थोडं जड असतं, म्हणून डाळ शिजत नाही एवढ्यावर निष्कर्ष काढू नका. पण कधीपासून बदललं हे मात्र नक्की लिहून ठेवा.

दुसरी खूण बादलीत दिसते. पाणी काढताना स्वच्छ असतं, रात्रभर ठेवलं की तळाला गेरूसारखा तांबूस गाळ बसतो आणि वर रंगीत तवंग येतो. कुजणाऱ्या कचऱ्याखाली प्राणवायू संपतो, तेव्हा खडकातलं लोह आणि मॅंगनीज विरघळून पाण्यात येतं. हवा लागली की लोहाचा गंज होऊन तळाला बसतो. तवंग काडीने हलवून पाहा. पापुद्र्यासारखा फुटून तुकडे झाले आणि तसेच राहिले, तर तो लोहाचा. काडी काढल्यावर पुन्हा जुळून आला, तर तेलाचा. मग आसपास गॅरेज किंवा भंगाराचं दुकान आहे का ते बघा.

बाजारात मिळणारा टीडीएस मीटर घ्यायला हरकत नाही, पण त्याचं काम समजून घ्या. तो पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा फक्त अंदाज देतो. जिवाणू, शिसं, कॅडमियम यांतलं काहीही त्याला कळत नाही. दर रविवारी वरच्या आणि खालच्या विहिरीचं वाचन वहीत टिपायला तो उत्तम आहे.

पायरी चौथी: नमुना

नमुना चुकला की पुढचा सगळा खर्च वाया. माझ्या हातून असं झालेलं आहे. एका वस्तीवरच्या विहिरीचा नमुना मी एप्रिलच्या उन्हात दुपारभर गाडीच्या डिकीत ठेवला. जिवाणूंचे आकडे निरुपयोगी ठरले आणि त्या कुटुंबाला पुन्हा थांबावं लागलं. घरात लहान मूल होतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून बर्फाचा डबा घेतल्याशिवाय मी निघत नाही.

बोअरचं पाणी घ्यायचं तर मोटार दहा मिनिटं चालू द्या, पाइपातलं शिळं पाणी जाऊ द्या. टाकीच्या नळाचा नमुना घेऊ नका. विहिरीत बाटली वीतभर तरी पाण्याखाली बुडवून भरा, वरचा पालापाचोळा येता कामा नये. रासायनिक तपासणीसाठी एक लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा. जिवाणूंसाठीची बाटली प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक केलेली घ्या. ती विसळायची नाही, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही, वर थोडी हवा ठेवायची. धातूंसाठी तिसरी बाटली लागते, तिच्यात आम्ल घालावं लागतं, ते प्रयोगशाळेलाच करू द्या. बाटलीवर विहिरीची ओळख, तारीख, वेळ आणि पाण्याची पातळी लिहा. सगळं बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा.

तपासणीसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत चौकशी करा, तिचं मुख्यालय पुण्यातच आहे. ही यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चारदा मोजते. तुमचे महिने त्यांच्याशी जुळवले, तर तुलनेला तयार आकडे मिळतील. निदान मे आणि ऑक्टोबर चुकवू नका.

पायरी पाचवी: अहवाल वाचणं

अहवालात पंचवीस ओळी असतात आणि माणूस गांगरतो. आधी चारच ओळी शोधा: क्लोराइड, अमोनिया, नायट्रेट, पोटॅशियम.

क्लोराइड सगळ्यात बोलकं. ते मातीत अडकत नाही, कुजत नाही, पाण्याबरोबर सरळ चालत राहतं. आपल्या काळ्या पाषाणात ते जवळजवळ नसतं, त्यामुळे वाढलेलं क्लोराइड बहुतेक वेळा माणसाकडूनच आलेलं असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, त्याची इष्ट मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर १,००० पर्यंत. पण मर्यादेकडे बघून सुस्कारा सोडू नका. समजा वरच्या विहिरीत ४० आणि खालच्या विहिरीत १८० आलं. दोन्ही मानकात बसतात, तरीही मधे काहीतरी मिसळतं आहे हे उघड आहे. तुलनेचा उपयोग इथे होतो.

पण ते डेपोचंच आहे की शेजारच्या शौचखड्ड्याचं? क्लोराइड दोन्हींतून येतं. नायट्रेट सांडपाण्यातूनही येतं आणि युरियातूनही. लीचेटमध्ये नायट्रोजन मुख्यतः अमोनियाच्या रूपात असतो, आणि पोटॅशियमही भरपूर असतं, जे आपल्या भूजलात एरवी अगदी थोडं सापडतं. अमोनिया, पोटॅशियम, क्लोराइड आणि लोह सगळंच एकत्र वाढलेलं असेल आणि डेपोपासून दूर जावं तसं कमी होत असेल, तर बोट डेपोकडे जातं. नायट्रेट आणि जिवाणू जास्त, पोटॅशियम बेताचं, तर आधी शौचखड्डा आणि गोठा तपासा.

नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि तिला सवलत नाही. त्याहून जास्त असलेलं पाणी तान्ह्या बाळाच्या दुधात अजिबात वापरू नये. त्याने बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते, अंग निळसर पडतं. उकळून उपयोग नाही. उकळल्याने पाणी आटतं आणि नायट्रेट उलट दाट होतं. तुरटीनेही ते जात नाही.

धातूंच्या ओळीत लिटरला शिसं ०.०१ आणि कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅम या मर्यादा आहेत. हे आकडे पाण्यात बरे आले तरी हायसं वाटून घेऊ नका. धातू बहुधा डेपोजवळच्या मातीतच अडकलेले असतात.

पायरी सहावी: माती

डेपोच्या कडेला भाजी करणाऱ्यांनी ही पायरी सोडू नये. रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल, इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्या. कडेची माती लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. जस्त लावलेली पाटी किंवा गंजलेलं खुरपं नको, त्यांचे कण नमुन्यात येतात. सगळी माती कापडावर मिसळून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. सावलीत वाळवा. बांधाजवळची आणि खताच्या ढिगाखालची माती घेऊ नका.

मृद आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि अन्नद्रव्यं अशा १२ गोष्टी येतात. शिसं आणि कॅडमियम त्यात नाहीत. ते वेगळे मागावे लागतात, पैसेही वेगळे. पत्रिकेतली क्षारता दरवर्षी चढत असेल आणि पाणी डेपोखालच्या विहिरीचं असेल, तर रान खारवट व्हायला लागलं आहे. त्यात सोडियम जास्त असेल तर काळी जमीन चोपण होते, पाणी वर तुंबतं आणि मुळं गुदमरतात.

डेपोचं खत फुकट किंवा स्वस्त मिळतं म्हणून रानात टाकण्याआधी मूठभर पाण्यात कालवून बघा. काचेचे कण, प्लास्टिकच्या चिंध्या, बॅटरीची काळी पूड हाताला लागते. शहरी कंपोस्टसाठी खत नियंत्रण आदेशात किलोला शिसं १०० आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅम अशी कमाल मर्यादा आहे. विकणाऱ्याकडे तपासणीचा कागद मागा. कागद नसेल तर खत नको. जमिनीत एकदा गेलेलं शिसं या जन्मात बाहेर येत नाही. शंका असलेल्या रानात पालक, मेथी आणि मुळा टाळा, कारण कॅडमियम पालेभाज्यांत लवकर चढतं. झेंडू, शेवंती करायला हरकत नाही.

पायरी सातवी: कागद आणि तोवरचं पाणी

२०१६ च्या नियमांनुसार भरावभूमीच्या हद्दीपासून ५० मीटरच्या आतलं भूजल उन्हाळा, पावसाळा आणि त्यानंतर असं वेगवेगळ्या ऋतूंत तपासायचं होतं, आणि डेपो सुरू होण्याआधीची स्थितीही नोंदलेली हवी होती. हे अहवाल माहितीच्या अधिकारात मागा. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराची मुदत ३० दिवस. "पाणी दूषित आहे का?" असं विचारू नका. गेल्या तीन वर्षांचे भूजल तपासणी अहवाल, नमुना घेतल्याची ठिकाणं आणि तारखा यांच्या प्रती मागा. तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करताना तुमचा तीन विहिरींचा कागद आणि दोन मोसमांचे आकडे जोडा. नुसत्या "वास येतो" या तक्रारीपेक्षा त्याला उत्तर देणं भाग पडतं. अर्ज एकट्याने करू नका, खालच्या अंगाच्या सगळ्या विहिरीवाल्यांच्या सह्या घ्या.

निकाल येईपर्यंत शंका असलेलं पाणी धुणी आणि शौचालयासाठी वापरा, पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी दुसरं आणा. आरओ लावलात तर त्याचं टाकाऊ पाणी झाडांना घालू नका, त्यात तेच क्षार आणखी दाट झालेले असतात. आणि टँकर मागवत असाल तर ड्रायव्हरला विचारा, "दादा, कोणत्या विहिरीवर भरता?" सांगितलेली विहीर तुमच्या कागदावर कुठे येते ते पाहा. डेपोच्या खालच्या अंगाला आली, तर तिचाही नमुना घ्या.